‘नाय’च्या पुढचं वाक्य

गोटीराम,

ही गोष्ट मी चाळीसेक वर्षं टाळली. सांगायची होती ती फक्त तुला, आणि तू काही लांब नव्हतास. मुरबाडहून शहापूर, शहापूरहून डोळखांबची एसटी, पुढे तुझ्या पाड्यापर्यंत अर्ध्या तासाची चाल. त्या वाटेने मी किती वेळा आलो. तुझ्या लग्नाला, महेशच्या बारशाला, नव्या पत्र्याच्या पूजेला, कधी नुसते वाल न्यायला. दर वेळी एसटीत बसलो की ठरवायचो, आज सांगायचं. दर वेळी वहिनींच्या हातचं जेवून, पिशवीत काहीतरी भरून घेऊन परत यायचो.

तुझ्या दहाव्याला नदीवर उभा होतो. मनाशी ठरवलं होतं, कावळा थांबला, याचं काय राहिलंय म्हणून लोक एकमेकांकडे बघायला लागले, की पुढे होऊन बोलायचं. महेश पिंड ठेवून मागे सरतो न सरतो तोच कावळा आला, शिवला आणि उडालासुद्धा. “कशात आस नव्हती बघा,” कोणीतरी म्हणालं, आणि सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. मी तिथेच उभा. तुझी घाई कायमचीच. मला बोलायला तेवढीही जागा ठेवली नाहीस.

म्हणून आता कागदावर. तुला वाचता येत नव्हतं, तुझी पत्रं मीच वाचायचो आणि मीच लिहायचो. तेव्हा हेही माझ्याच आवाजात ऐक.

मस्कतच्या त्या कॅम्पात मी तुझ्याआधी चार महिने पोचलो होतो. एका खोलीत आठ माणसं, आठजणांच्या पाच भाषा. दिवसभर सिमेंटच्या गोण्या उतरवायच्या आणि मोडकं हिंदी बोलायचं. मराठी माणसं होती थोडी, पण ती पुण्या-मुंबईकडची. त्यांच्यात मी जपून बोलायचो. मुरबाडच्या शाळेत ‘नाय’ म्हटलं की हातावर पट्टी बसायची, त्यामुळे माझं ‘नाही’ पक्कं झालं होतं. आपण कुठल्या गावचे हे आपल्या बोलण्यावरून कोणाला कळू नये, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

एका सकाळी नळाच्या रांगेत मागून आवाज आला.

“पानी नाय, सावली नाय, झाड नाय. मानसं इथं राहत्यात तरी कशाला, गो बाय माजे!”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नळ कोरडा, म्हणून तोंड धुण्याचं निमित्तही करता येईना. तसाच वळलो आणि विचारलं, “कुठले तुम्ही?”

“डोलखांबचा. तुमी?”

“मुरबाडकडचा. टोकावडे.”

तू मला खालून वर न्याहाळलंस. “मंग आसा रेडिओवानी काय बोलतोस रे? नाय म्हन बगू.”

“काय?”

“नाय म्हन.”

“नाय,” मी म्हणालो.

“हां. आता तू आमचा.”

आपली दोस्ती त्या एका शब्दावर झाली. पुढे तोच शब्द मी कसा वापरला, ते सांगायला आज बसलो आहे.

तू बागेच्या कामावर होतास, पण राहायला आमच्याच खोलीत आलास, एक खाट रिकामी झाली होती तिथे. रस्त्यांच्या मधल्या गोल चौकांत आणि बंगल्यांपुढे गवत लावायचं काम. आठवड्याच्या आत तू सुदानी साहेबाला जाऊन सांगितलंस, की गोण्या उतरवणारा तो माझा भाऊ आहे, त्याला शेतीतलं सगळं येतं. मला काय येत होतं? बाप शाळेत पाठवायचा म्हणून आवणीच्या दिवसांतही मी बांधावर पुस्तक धरून बसलेला. दुसऱ्या दिवशी तू माझ्या हातात गवताच्या काड्यांची मूठ दिलीस आणि वाकून उलटं चालायला शिकवलंस, जशी आपल्याकडे भाताची रोपं लावतात तशी. “म्याट्रिक झाला आन आवनी येत नाय!” त्या दिवसापासून तू मला म्याट्रिक म्हणायला लागलास. तुझ्या पोरांनाही मी म्याट्रिक काकाच. गोण्या सुटल्या, पाठ वाचली. पुढे त्याच कामावर मी मुकादम झालो, घर बांधलं, पोरांना शिकवलं. हे सगळं तुझ्या एका थापेवर उभं आहे.

आपण भांडायचोही त्या गवतावरून. “जे खायाचं नाय, ढोरांना घालायचं नाय, ते पेरायचं कशाला?” हा तुझा सवाल मस्कत सोडेपर्यंत सुटला नाही.

आणि मग तू राब भाजलास. रोपवाटिकेत गवताचं बी उगवत नव्हतं. साहेब वैतागलेला. तू म्हणालास, जमीन भाजल्याशिवाय रोप येईलच कसं? आपल्याकडे पालापाचोळा, शेण अंथरून वर माती टाकून पेटवतात, तसं तू खजुराच्या वाळक्या झावळ्या रचल्यास, त्यावर उंटाच्या लेंड्या पसरल्यास आणि दिली काडी. आपल्या डोंगरात राबाच्या धुराकडे कोणी मान वर करून बघत नाही. तिथे पंधरा मिनिटांत आगीचा बंब आला, मागून पोलीस. घाबरून तू हातांनीच आग विझवायला गेलास आणि डावा तळवा भाजून घेतलास. साहेब अरबीत काय काय बोलला देव जाणे. महिन्याभराने त्या काळ्या पडलेल्या वाफ्यात सगळ्यात दाट गवत आलं, तेव्हा तोच साहेब तिथे उभा राहून गुपचूप बघत होता.

तळवा भाजला म्हणून तू दवाखान्यात गेलास, आणि तिथे लिसी होती.

केरळची नर्स. बारीक, सावळी, भरभर चालणारी. मलमपट्टी करताना तिने विचारलं, दुखतंय का. तू म्हणालास, “नाय.” ती हसायला लागली. पुन्हा विचारलं, पुन्हा “नाय”, पुन्हा हसली. मग तिने आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की तिच्या भाषेत नाय म्हणजे कुत्रा. “मी दुखतंय का विचारते आणि तू कुत्रा, कुत्रा म्हणतोस!” तू बाहेर येऊन मला हे सांगितलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्या हाताला पट्टीची गरज उरली नव्हती, तो घेऊन तू पुढे दीड महिना दवाखान्यात जात होतास. पट्टी झाली की ती दर वेळी एकच सांगायची, “सूखा रखना.” कोरडा ठेव. तू खोलीवर येऊन तो शब्द असा म्हणायचास, जसा कोणी देवाचा प्रसाद सांभाळतो.

त्याआधी आपले शुक्रवार ठरलेले होते. सुट्टीचा दिवस. मी भाकऱ्या थापायचो, तू सुकटीचं कालवण करायचास, जेवून दुपारभर बोलत पडायचो. नंतर शुक्रवारी तू इस्त्रीचा शर्ट घालून समुद्राकडे जायला लागलास. दोनदा मलाही नेलंस. लिसी चांगली होती, गोटीराम. तिने माझ्यासाठी केळ्याचे काप आणले होते. मी ते खाल्ले, आणि तिच्यात खोट शोधत बसलो.

मग तिची बदली सलालाच्या इस्पितळात ठरली. तू धावत आलास. “म्याट्रिक, तिथं पाऊस पडतो रे! नारल हायत, केली हायत. शेतीचं काम गावंल मला.” तू बोलत होतास पावसाचं, आणि मला दिसत होती ती खोली, त्यात उरलेली सात माणसं आणि शुक्रवारची दुपार.

तुझी एकच अट होती. बा हो म्हणाला तर. आई लहानपणीच गेलेली, वाढवलं बाने. त्याच वेळी माझी सुट्टी निघाली होती. तू लिसीचा फोटो माझ्या हातात दिलास. “चिठ्ठी नको. तू सोता जा. बाच्या तोंडातनं जे निगंल ते तसंच्या तसं मला येऊन सांग. एक शबूद इकडचा तिकडं नाय.”

मी गेलो. चैत्र होता. तुझा बा शेतात राबच भाजत होता, हात काळे झालेले. मी फोटो पुढे केला तर हाताची काजळी लागू नये म्हणून त्याने तो कडेने, दोन बोटांत धरला. बराच वेळ बघितलं.

“नाव काय?”

“लिसी.”

“लशी?”

“लिसी. नर्स आहे. दवाखान्यात.”

“भात खाते?”

“भातच खातात तिकडे. घरची भातशेती आहे तिच्या.”

“दवाखान्यात खिडक्या आसतात का मोट्या? उजेड आसंल ना?”

“असतो,” मी म्हणालो. हे का विचारतोय ते मला समजलं नाही.

मग तो फांदीने आग सारखी करत राहिला आणि शेवटी बोलला. काय बोलला ते खाली लिहितो, त्याच्याच शब्दांत. आत्ता एवढंच सांगतो, की त्याचं बोलणं ‘नाय’ या शब्दाने सुरू झालं आणि त्यात नकार नव्हता.

मी परत आलो तेव्हा तू रोपवाटिकेत पाण्याची नळी धरून उभा होतास. नळी तशीच वाहती टाकून आलास.

“काय म्हनला बा? तसंच्या तसं सांग.”

“म्हणाला, नाय...”

तू हात वर केलास. तोच डावा हात, भाजल्याची खूण असलेला. “बास. कललं.”

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तू मला मधेच तोडलंस. मी तर सांगणारच होतो, तूच ऐकलं नाहीस. तुझ्या घाईवर मी सगळं ढकललं. ते खरं नाही. तू हात वर करायच्या आधी मी थांबलो होतो. विमानात बसल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडात घोळत होतं, आणि ते कुठे थांबवलं तर काय होईल, हेही मला ठाऊक होतं. मी थांबलो, तुझ्या तोंडाकडे बघितलं, तुझा हात वर येऊ दिला. मग मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

कोणी विचारलंच तर उत्तरही तयार होतं. गावात लोक काय म्हणतील, तिचा धर्म वेगळा, तुझ्या भल्यासाठीच केलं. पण कोणी विचारलं नाही. आणि त्यातलं एकही कारण खरं नव्हतं. मला माझे शुक्रवार परत हवे होते.

लिसीला सांगायला तू मला बरोबर घेऊन गेलास. एकट्याने तुला जमेना. दवाखान्याच्या दारात तू तिला एवढंच म्हणालास, “बा नाय म्हनला.” त्या दिवशी त्या शब्दाला ती हसली नाही. तिने तुझा डावा हात हातात घेतला, पहिल्या दिवशी घेतला असेल तसा, तळवा उलटासुलटा करून पाहिला, आणि म्हणाली, “सूखा रखना.” मी चार पावलांवर होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. ती सलालाला गेली, आणि तिचं पुढे काय झालं ते तुला कळलं नाही, मलाही नाही.

त्याच वर्षी, भात कापायच्या आधी, तुझा बा गेला. तार आली, ती मीच तुला वाचून दाखवली. तू भिंतीला टेकून ऐकलंस आणि म्हणालास, “माज्यामुलं गेला. नको ते मागलं मी त्याच्याकडं. रागातच गेला आसंल.” तारेची घडी घालता घालता मी म्हणालो, असं काही नसतं रे. याच्यापुढे एक अक्षर बोललो नाही.

तू गावी गेलास, त्याचे दिवस केलेस, परत आलास आणि मला म्हणालास, “बानं एक खोली वाडवलीय रे. कुडाची. आन खिडकी ही एवडी! आमच्यात कोन ठेवतं एवडी खिडकी? म्हाताऱ्याला काय सुचलं कोन जाने.” ती खिडकी कोणासाठी ठेवली होती, हे त्या वेळी जगात एकाच माणसाला माहीत होतं.

त्याच फेरीत, बाचा तेरावा झाल्यावर, तू माझं एक काम करून आलास. सुमनच्या घरी माझ्यासाठी मागणी घालायला गेलास. घरातलं माणूस गेलेलं असताना तू गेला नसतास तरी तुला कोणी बोल लावला नसता, पण गेलास. परत येऊन सगळं सांगितलंस. “तिचा म्हातारा म्हनला, पोरगा काला हाय, कान सुपायेवडं, आन बोलतो पेपर वाचल्यावानी. पन पोरीला पसंत हाय तर आमी कोन?”

मी चिडलो. “एवढं सगळं सांगायची काय गरज होती? हो म्हणाले, एवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं.”

“काय म्हनला ते तू इचारलंस. मदलं मी गाललं तर ते माजं बोलनं झालं, त्याचं नाय.”

तू सहज बोललास. मी त्या दिवशी जेवलो नाही, आणि माझ्या कानांना नावं ठेवली म्हणून मी रुसलो असं समजून तू दिवसभर मला हसत होतास.

पुढे आपण दोघेही घरी परतलो. वनितावहिनी त्या मोठ्या खिडकीच्या खोलीत आल्या. तुमचा संसार चांगला झाला, हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. वहिनींना लिसीचं ठाऊक होतं. “ती आली आसती तर बरं झालं आसतं, सुया टोचून गप बसवलं आसतं तुमाला,” असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि तू लाजायचास. पण दर पितृपक्षात तू बाचं पान त्याच खिडकीत ठेवायचास, हात जोडायचास आणि पुटपुटायचास, “बा, चुकलं माजं.” मी पाटावर बसलेला असायचो, पुढ्यात वाढलेलं ताट. माफी मागायची होती मी, आणि दर वर्षी मागत होतास तू, ज्याच्यावर कोणी कधी रागावलंच नव्हतं. मी जेवायचो. खीरही मागून घ्यायचो.

शेवटची भेट होळीच्या आसपासची. तुझे कान पार गेले होते. नेहमीप्रमाणे राबावरून सुरू झालं. मी ओरडून सांगितलं, शेतीखात्याचे लोक आता जमीन भाजू नका म्हणतात. तू म्हणालास, “त्यांना मस्कतला धाड, बगून येतील.” वहिनी स्वयंपाकात, महेशची बायको ओटीवर तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आज नाही तर नाहीच. माफी ओरडून कशी मागायची ते मला समजेना. सगळं घर ऐकणार, वहिनी ऐकणार. तरी तुझ्या कानाशी तोंड नेलं आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, “गोटीराम, तुझा बा नाय म्हणाला नव्हता.”

“बाम?” तू म्हणालास. “हाय ना. फलीवर हाय. डोकं दुकतंय काय रे?”

“बाम नाही, बा! तुझा बा!”

“आगो, त्या म्याट्रिकला बाम दे.”

बाम आला. तू झाकण उघडलंस, आणि त्या भाजल्या हाताने माझ्या कपाळाला चोळत बसलास. “लई इचार करतोस तू. शिकलेल्या मानसाचं डोकं दुकनारच.” तुझ्या तळव्याची ती खरखरीत खूण मला कपाळावर लागत होती. मी डोळे मिटून घेतले. बाम डोळ्यांत गेला असं तुला वाटलं असेल. मग मी उठलो आणि एसटी धरली.

महिनाभरात तू गेलास.

सुमनला मी परवा सगळं सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, “भावजींनी तुमचे कानसुद्धा गाळले नव्हते.” उद्या हे कागद घेऊन वहिनींकडे जाणार आहे. त्या खिडकीपाशी बसून वाचून दाखवणार आहे. त्यांनी उठवून लावलं तर उठेन.

पण आधी तू ऐक. तुझ्या बाचं बोलणं, तसंच्या तसं. मधलं काही गाळलेलं नाही.

“नाय कशाला म्हनू, पोरा? जलमात त्यानं माज्याकडं कायी मागलं नाय. घेऊन ये म्हनावं. तिचं बोलनं मला कलायचं नाय, माजं तिला कलायचं नाय, पन राहू आमी. एक खोली काडतो, उजेडाची. तिला सवय आसंल. आन तिला सांग, आमच्या बांदावर चिखल आसतो, पाय घसरतो. भ्यायाचं नाय. मी हाय ना. मी हात धरीन.”

एवढंच होतं. त्या रोपवाटिकेत, नळी वाहत होती तेवढ्या वेळात, सगळं सांगून झालं असतं.

गोटीराम, चुकलं रे माजं.